सुरुचीचा ताईत

कात्रपच्या झेरॉक्सच्या दुकानात कागदांची अदलाबदल झाली नसती, तर सुरुचीला असला खेळ जगात असतो हेही कळलं नसतं. लॅबच्या रिपोर्टांऐवजी तिच्या पिशवीत आला एका भुयाराचा नकाशा, मागे पेनाने लिहिलेला फोन नंबर. रविवारी ती तो परत द्यायला गेली. दार जयदेवने उघडलं. "एक भिडू कमी आहे," तो म्हणाला, "बसता का?"

बसली, ती सात महिने दर रविवारी बसतच राहिली.

खेळात प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, जयदेवने गोष्ट पुढे न्यायची आणि अडलं की पासा टाकायचा. वीस बाजूंचा तो पासा जयदेव पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाके, पण कुणी कधी शंका घेतली नाही. सख्ख्या बहिणीच्या, ओवीच्या पात्राला त्याने दोनदा मारलं होतं. पासा म्हणजे पासा, एवढंच म्हणाला होता.

सुरुची झाली होती चोरटी. तिच्या गळ्यात ताईत होता. तो असेपर्यंत कुठल्याही मांत्रिकाला तिचं मन वाचता येणार नव्हतं. मनातलं गुपित मात्र चिठ्ठीवर लिहून जयदेवच्या डब्यात ठेवायचं, आणि ताईत तुटला की त्याने ते सगळ्यांसमोर वाचायचं. शहाण्या माणसाने लिहावं, हिरा चोरलाय वगैरे. आमच्या बाईंनी लिहिलं, 'मला खेळातलं काही कळत नाही. मी जयदेवला बघायला येते.' ताईत पक्का आहे, असं त्यानेच सांगितलं होतं ना!

आणि आज दुसऱ्या भिडूच्या, कल्पेशच्या, ज्योतिषी पात्राला ताईत तोडायचा नवा मंत्र मिळाला.

"सुरुची, आज तुझी कुंडलीच मांडतो," तो हात चोळत म्हणाला. "दहाच्या खाली पडलं की ताईत खल्लास."

सुरुची पिशवी उचलून उठली. घरी पाहुणे यायचेत, असं ती पुटपुटली. ओवीने तिच्यापुढे चहा सरकवला. चिठ्ठी वाचली गेली तर पुन्हा या घराची पायरी चढायची कुठल्या तोंडाने? हा रविवार गेला की सगळेच गेले. आडोशामागे पासा खडखडला. जयदेवने खाली पाहिलं… आणि बराच वेळ पाहतच राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"टिकला," तो म्हणाला. "ताईत टिकला."

कल्पेश कुरकुरला, पण पासा म्हणजे पासा. सुरुचीने गार झालेला चहा एका घोटात संपवला.

संध्याकाळी जयदेव तिला खरवईच्या रिक्षापर्यंत सोडायला खाली आला. एरवी ओवी यायची.

"चार पडले होते," तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"म्हणजे… तू चिठ्ठी वाचलीस?"

"वाचली. आडोशामागेच."

"पण तू पाशावर कधी खोटं बोलत नाहीस."

"नाही बोलत. आज बोललो." त्याने खिशातून चिठ्ठी काढली, घडी घातलेली. "ही सगळ्यांना कशाला ऐकवू? मला लिहिलेली आहे ना."

रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला. सुरुचीला वर बघवेना.

"मग… पुढच्या रविवारी मी येऊ, की नको?"

"रविवारी ये. पण आधी शनिवारी ये," जयदेव हळूच म्हणाला. "शनिवारी खेळ नसतो."

सुरुची रिक्षात बसली. चिठ्ठी तिने परत मागितली नाही.