प्रार्थनेच्या वेळचं दार

“प्रार्थना चालू असताना दार वाजलं, तर उघडायचं की नाही?”

हा प्रश्न त्यानं ज्याला त्याला विचारला. गुरुजींना विचारला, तर त्यांनी नुसता पाठीवरून हात फिरवला. आईला विचारला, तर ती भिंतीकडे तोंड करून झोपली. स्वयंपाक्याला विचारला, तेव्हा नेमकं दूध उतू गेलं आणि स्वयंपाकी तिकडे धावला.

बसा पोरांनो. दिवे गेलेत ते काही आता येत नाहीत. मेणबत्तीच्या उजेडात बटाटे सोलता येतात, हात कापला तर माझ्याकडे या. तुम्ही सकाळी विचारत होतात ना, इथलं मागचं दार रात्रंदिवस उघडं का ठेवतात? सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली, जो हा प्रश्न विचारत फिरायचा, तो माझ्या चांगल्या ओळखीतला. आम्ही त्याला धाकटा म्हणायचो, कारण त्याचा थोरला भाऊ आधीपासून इथं कामाला होता.

सरहद्दीपलीकडे लढाई पेटली तेव्हा माणसं लोंढ्यानं यायला लागली. गुरुजींनी प्रार्थनाघर त्यांना मोकळं करून दिलं. म्हणाले, देवाला जागा कमी लागते. थोरला आपली व्हॅन घेऊन रोज पुलापर्यंत जायचा आणि आलेल्या माणसांना घेऊन यायचा. धाकट्याची शाळा चौथीतच सुटलेली. नावांची यादी त्याला वाचता यायची नाही, पण एकदा पाहिलेला चेहरा तो विसरायचा नाही. म्हणून त्याला दारावर बसवला.

आता इथला नियम ऐका. संध्याकाळी साडेसातला प्रार्थना, मोजून बारा मिनिटं. तेवढा वेळ मोठं दार कडी घालून बंद. कोणी कितीही वाजवलं तरी उघडायचं नाही. हसू नकोस रे, नियमाला कारण होतं. सुरुवातीला एकदा प्रार्थनेच्या मध्येच कोणीतरी दार ढकलून आत आलं. शांत बसलेली माणसं त्या आवाजानं अशी उसळली की विचारू नका. त्यांना वाटलं, शिपाई आले. एका म्हातारीचा हात मोडला, दोन पोरं तुडवली गेली. तेव्हा थोरल्यानंच सांगितलं, “या लोकांना दिवसातली बारा मिनिटं तरी दाराची भीती नको.” गुरुजींना पटलं. नियम दयेपोटीच केला होता.

जानेवारीच्या नऊ तारखेला सकाळी दोघा भावांची जुंपली. धाकट्याला व्हॅन चालवायची होती. थोरला सगळ्यांसमोर म्हणाला, “तुझ्या हातात दिली तर संध्याकाळपर्यंत नाल्यात असेल ती. तू दारावर बस. बसणं तेवढं तुला जमतं.” सगळे हसले. स्वयंपाकीही हसला. धाकटा नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल झाला आणि दिवसभर कोणाशी बोलला नाही.

संध्याकाळी धुकं पडलं. व्हॅन वाटेतच बंद पडली. थोरल्यासोबत शेवटचं एक कुटुंब होतं. एक बाई, तिची दोन पोरं आणि तिचा म्हातारा सासरा. लहान पोर तापानं फणफणलेलं. थोरला त्यांना घेऊन पायीच निघाला आणि दाराशी पोचला तेव्हा सात वाजून चौतीस मिनिटं झाली होती. आत प्रार्थना चालू होती... “जे वाटेत आहेत त्यांना घर मिळो.”

दार वाजलं. दोन थापा. थोडं थांबून एक.

दार बंद, नियम तो नियम, आणि धाकट्यानं नियम पाळला. नंतर सगळे त्याला हेच सांगत होते, तुझी काय चूक? नियमच होता.

थोरला दुसऱ्यांदा वाजवत बसला नाही. त्यानं चौघांना मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून आत आणायचं ठरवलं. पण मागं जायचं तर कंपाउंडच्या भिंतीला वळसा घालून हमरस्त्यावरून जावं लागतं. धुकं दाट होतं. वाळूचा ट्रक होता. प्रार्थना संपायला तीन मिनिटं बाकी असताना ब्रेकचा आवाज आला. आतली माणसं उसळली नाहीत, कारण दार बंद होतं.

पाचही गेले.

धाकट्यानं फक्त थोरल्याचं तोंड पाहिलं. बाकीच्या चौघांच्या चेहऱ्यांवरची चादर त्यानं कोणाला काढू दिली नाही.

बाळा, मेणबत्ती तुझ्या बाजूनं वाकलीय. सरळ कर. हं.

त्यानंतर व्हॅन दुरुस्त झाली आणि गुरुजींनी तिची किल्ली धाकट्याच्या हातात दिली. हवी होती तेव्हा मिळाली नाही, आणि आता तिच्याकडे बघवेना. दारावर दुसऱ्या कोणाला तरी बसवलं. बरोबर चाळीस दिवस गेले.

फेब्रुवारीची अठरा तारीख. मंगळवार. धाकटा गावाबाहेरच्या धुलाईखान्यात ब्लँकेटं आणायला गेला. साधंच काम. साठ ब्लँकेटं धुवून, वाळवून, घड्या घालून तयार होती. धुलाईवाली मावशी तोंडानं फटकळ.

“या ड्रायव्हरसाहेब! तुमच्या गुरुजींना सांगा, देवाची सेवा ते करतात आणि हात माझे झिजतात. पुण्यातला वाटा कधी पाठवताय?”

“सांगतो.”

“नुसतं सांगतो? पूर्वी चार शब्द उलटे बोलायचास. भांडायला माणूस उरला नाही बघ मला.” मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. ती गठ्ठा बांधायला लागली.

“मावशी, एक विचारू?”

“नको विचारूस,” ती खाली मान घालून म्हणाली. “मला माहीत आहे काय विचारणार ते. सगळ्या गावाला माहीत आहे. हळू चालव. धुकं उतरतंय.”

सात वाजून पाच मिनिटांनी तो निघाला.

रस्ता ओळखीचा. आधी पेट्रोलपंप, मग बंद पडलेली वीटभट्टी, मग मोरी. मोरीपाशी धुक्यात माणसं दिसली. कडेकडेनं चाललेली. एक बाई, एक म्हातारा, दोन पोरं. हातात सामान काही नाही. पुलावरून येणारी माणसं अशीच येतात, त्यात नवल ते काय? त्यानं व्हॅन थांबवली, उतरून मागचं दार उघडलं.

“बसा. ब्लँकेटांवरच बसा, धुतलेली आहेत. किती जण?”

“पाच,” बाई म्हणाली.

“चौघंच दिसताय.”

“एक मागून येतोय. तो सगळ्यात शेवटी चालतो.”

चौघं चढले. धाकटा दार धरून उभा राहिला. मागच्या रस्त्याकडे पाहत राहिला. धुकं. कोणी नाही. पावलं वाजत नव्हती. थंडी कानात शिरत होती.

“कुठं राहिला?”

म्हातारा नुसता सरकून बसला.

आणि व्हॅन खाली बसली... एखादा भरल्या अंगाचा माणूस चढल्यावर मागचा भाग जसा दबतो, तशी. स्प्रिंगा करकरल्या. मग गाडी स्थिर झाली.

धाकट्यानं दार लावलं. आत पाहिलं नाही. का पाहिलं नाही, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही.

तो गाडी चालवायला लागला. मध्ये एक छोटी खिडकी होती, उघडीच. मागून काही आवाज नाही. पोरं असून आवाज नाही. तोच काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, “आता पोचू आपण. पण प्रार्थना सुरू झाली असेल. बारा मिनिटं बाहेर थांबावं लागेल.”

“थांबलो होतो आम्ही,” बाई म्हणाली.

“कधी?”

मग लहान पोराचा आवाज. ताप असलेल्या पोराचा असतो तसा, कोरडा.

“दादा म्हणाला होता, भिऊ नका. माझा भाऊ आहे दारावर. माझी थाप त्याला कळते.”

धाकट्याचे हात स्टिअरिंगवर होते. ते त्याला आपले वाटेनात. वर छोटा आरसा होता. त्यानं मान वळवली नाही. आरशात पाहिलं नाही. समोर पाहत राहिला. वीस किलोमीटरच्या वेगानं. वीसपेक्षा जास्त नाही.

कारण त्याला कळली होती ना...

पोरांनो, हेच त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. दोन थापा, थांबून एक. लहानपणापासून थोरला घरचं दार असंच वाजवायचा. धाकट्यानं ती ऐकली, आणि कडीवर हातही ठेवला. सावकाश काढली असती तर कडी वाजलीही नसती. पण सकाळचं हसणं त्याच्या कानात होतं. मनात म्हणाला, बस आता बाहेर. बसणं तेवढं जमतं का बघ. आणि हात काढून घेतला. बारा मिनिटांचा राग. त्याहून मोठा नव्हता तो.

प्रार्थनाघर आलं. सात बत्तीस. आतून आवाज येत होता. दार बंद.

त्यानं व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि बाजूला झाला. नजर जमिनीवर. गाडी वर उठली... थोडी... अजून थोडी... पाच वेळा.

तो दारापुढे उभा राहिला. हात उचलला. आत नवा माणूस बसला होता, तो नियमाचा पक्का. आणि आत शंभर माणसं डोळे मिटून. वाजवलं तर भितील. नाही वाजवलं तर...

त्यानं हात खाली घेतला.

“मागून जाऊ,” तो म्हणाला. “या. भिंतीला धरून चाला. रस्त्याच्या बाजूनं मी.”

तो चालला. डावीकडे कंपाउंड, उजवीकडे हमरस्ता. मध्ये तो. हात असा आडवा धरून, पोरांना सांभाळताना धरतात तसा. समोरून ट्रक आला. दोन पिवळे दिवे धुक्यात मोठे होत गेले. तो थांबला. हात आणखी लांब केले. “थांबा,” म्हणाला. “जाऊ दे त्याला.” उजेड त्याच्यावरून भिंतीवर पडला. भिंतीवर त्याच्या एकट्याची सावली.

पण आडव्या हाताला पलीकडून काहीतरी टेकलं होतं. लहान डोकं टेकतं तसं. गरम.

ट्रक गेला.

मागचं दार त्यानं वाजवलं नाही, नखानं खरवडलं. स्वयंपाक्यानं उघडलं. बघतो तर हा घामानं थबथबलेला, त्या थंडीत.

“काय रे?”

“यांना आत घ्या.”

“कोणाला?”

“काका, बाजूला व्हा.”

स्वयंपाकी बाजूला झाला. मोठ्या शेगडीवर भाताचं पातेलं होतं. वारा नव्हता. पण शेगडीची ज्योत वाकली, आणि सरळ झाली. पुन्हा वाकली, सरळ झाली. पुन्हा. पुन्हा. पाचव्यांदा वाकली ती बराच वेळ तशीच राहिली. कोणीतरी उंबऱ्यात थांबून मागं वळून पाहावं इतका वेळ.

मग सरळ झाली.

धाकटा दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. “काका,” तो म्हणाला, “त्या रात्री ती थाप मी ओळखली होती.”

स्वयंपाक्याच्या हातातला झारा तसाच राहिला. तो हळूच म्हणाला, “मीही.”

स्वयंपाकघरातून मोठ्या दाराचा आवाज येतो पोरांनो. साफ येतो. त्या रात्री स्वयंपाक्याला वाटलं होतं, भावाभावांचं आहे, आपण कशाला मध्ये पडा? मागचं दार उघडून भिंतीवरून नुसती हाक मारली असती तरी... असो. तेव्हापासून मागच्या दाराला कडी नाही. त्या स्वयंपाक्याचं नाव विचारू नका.

प्रार्थना संपली. दोघं ब्लँकेटांचे गठ्ठे उचलून हॉलमध्ये गेले. तिथं माणसं ओळीनं अंथरुणं घालतात, एकाला एक लागून, तीळभर जागा सुटत नाही. त्या दिवशी मधल्या ओळीत मोकळी जागा होती. पाच माणसं निजतील एवढी. दोन्ही बाजूंची माणसं अंग चोरून दाटीवाटीनं बसलेली, पण त्या जागेवर कोणाचा पायसुद्धा नव्हता.

हात मोडलेली ती म्हातारी शेजारीच होती. धाकट्यानं विचारलं, “आजी, हे काय?”

“उशिरा आलेल्यांना जागा केली,” ती म्हणाली. “प्रार्थना चालू होती म्हणून डोळे नाही उघडले. कोणीतरी हळूच म्हणालं, जरा सरकता का? आम्ही सरकलो.” मग तिनं इकडे तिकडे पाहिलं. “कुठं गेली ती माणसं?”

धाकटा गुडघ्यांवर बसला. फेब्रुवारीतली दगडी फरशी. तळवा टेकवला की कळ मनगटापर्यंत जाते. त्यानं एका टोकाला हात लावून पाहिला. बर्फ. मग त्या मोकळ्या जागेवर ठेवला.

ऊब होती. आताच कोणी कुशीवर वळावं, तेवढी.

त्यानं गठ्ठा सोडला. बाईसाठी एक ब्लँकेट अंथरलं. म्हाताऱ्यासाठी एक. पोरांना दोघांत मिळून एक जाड, आणि लहान्याच्या बाजूला आणखी एक खोचलं. सगळा हॉल बघत होता. कोणी विचारलं नाही कोणासाठी म्हणून.

पाचव्यापाशी तो अडला. थोरला उंच होता. कुठल्याच पांघरुणात मावायचा नाही, हिवाळाभर त्याच्या पायांची बोटं उघडी राहायची. धाकट्यानं दोन ब्लँकेटं लांबीला जोडून घातली. वरचं टोक तोंडापर्यंत न्यायचा त्याला धीर झाला नाही, ते त्यानं तसंच सोडलं. मग खाली सरकला, आणि पायांच्या जागी दोन्ही बाजूंनी कड नीट आत मुडपून घेतली.