दात लागलेला नट

"ताई, तुमचा अहवाल उद्या गेला की संपलं. तो सुटून आला तरी त्याच्या हातात पुन्हा गाडी कोण देणार?"

मिस्त्रीच्या बायकोचा फोन, तोही सकाळी सकाळी. विमा कंपनीच्या तपासनीस बाई एवढंच म्हणाल्या, "मी अजून सही केलेली नाही."

प्रकरण तसं सरळ दिसत होतं. सामान पोचवणारी एक जुनी व्हॅन. सोमवारी मिस्त्रीने तिची पेट्रोलची नळी बदलली, आणि बुधवारी सकाळी ती भर रस्त्यात पेटली. लोकांनी वाळू टाकून आग विझवली, पण चालवणाऱ्या मुलीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तिच्या बापाने तक्रार केली, पोलिसांनी मिस्त्रीला उचललं, गॅरेजला सील ठोकलं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला आपण सगळे एका पायावर तयार. त्यात संन्याशाचे हात ग्रीसने काळे असले, तर मग विचारायलाच नको.

बाई आधी कोठडीत गेल्या. तपास अधिकारी सोबत होता, जांभया देत.

"नळीचं तोंड कसं केलंत?"

"यंत्रावर पसरवलं, कर्ण्यासारखं," मिस्त्री म्हणाला. "नट आवळला की ते तोंड समोरच्या टोकावर दाबून बसतं. धातूवर धातू. पेट्रोल तिथेच अडतं."

"नटाच्या आट्यांना काही लावलंत?"

"आट्यांना काय लावायचं? कोरडे ठेवायचे. आटे नुसते ओढतात, अडवत नाहीत."

"आवळलं कसं?"

"एका पान्याने धरलं, दुसऱ्याने फिरवलं. मग इंजिन चालू करून सांध्याखाली कोरा कागद धरला, चांगली दहा मिनिटं. ठिपका नाही पडला."

"म्हणजे तुमची चूक काहीच नाही?"

मिस्त्री घुटमळला. "एक आहे. जुनी नळी काढताना पेट्रोल सांडलं होतं, ते धुतलं नाही. जेवायची वेळ झाली होती हो. वास एकदोन दिवस राहणार, हे त्या पोरीला सांगायचंही राहून गेलं."

"ऐकलंत?" अधिकारी म्हणाला. "कबुली."

"वासाने गाडी पेटत नाही, साहेब," बाई तुटकपणे म्हणाल्या.

पोलिसांच्या आवारात व्हॅन उभी होती, पुढून काळीठिक्कर. नवी नळी पेट्रोलच्या फिल्टरला जिथे जोडली होती, तिथला नट बाईंनी पुसला. त्याच्या कोपऱ्यांवर तिरके, खोल ओरखडे होते, ओळीने, दात रोवल्यासारखे. मग त्यांनी फिल्टर कापायला लावला. पत्रा वरून करपला होता, पण आतला कागद अजून ओला होता. त्याला एक पांढरा चिवट धागा चिकटला होता. चिमटीत धरून ओढला तर तो तुटेना, नुसता ताणला जाई. बाईंनी तो पाकिटात टाकला.

तिथून गॅरेज. सील काढून आत शिरल्यावर भिंतीवरची फळी दिसली. प्रत्येक पान्याची जागा खडूने आखलेली, प्रत्येक पाना जागच्या जागी. बाईंनी एकेक उतरवून पाहिला. सगळे गुळगुळीत तोंडाचे.

"काय हरवलंय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"काहीच नाही. चला दवाखान्यात."

मुलगी उशाला टेकून बसली होती, दोन्ही हात पट्ट्यांत. वय पंचवीसेक. खोलीत ती एकटीच होती.

"सोमवारी गाडी घरी आणलीस. नंतर वास येत होता?"

"येत होता."

"गॅरेजला फोन केलास?"

"नाही."

"मग बॉनेट कुणी उघडलं?"

"कुणीच नाही." ती दाराकडे बघत म्हणाली. "मिस्त्रीनंच सैल ठेवलं. सगळ्यांना माहितीये."

तेवढ्यात बाप आत आला. बाही ओली, एका हातात लांब दांड्याचा दातेरी पाना, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यात पांढऱ्या टेपचं रीळ. नळजोडणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस.

"काय लोक आहेत!" तो करवादला. "बाथरूमचा नळ गळतो, तर खाली बादली ठेवतात! मला बघवेना. दोन मिनिटांचं काम!" मग त्याला अधिकारी दिसला. "साहेब, त्या हरामखोराला सोडू नका. माझ्या पोरीला वेणीसुद्धा घालता येत नाही आता."

बाईंनी त्या पान्याकडे पाहिलं, मग रिळाकडे. असल्या वेळी आपला धंदा त्यांना नकोसा व्हायचा.

"काका, त्याने सांधा सैलच ठेवला होता, असं तुम्हाला वाटतं?"

"बाबा, तुम्ही बाहेर जा!" मुलगी ओरडली.

"का जाऊ? वाटतं कसलं, मी हाताने पाहिलंय! मंगळवारी हिला वास येत होता. मी बॉनेट उघडलं. नट खोलला तर आटे कोरडे ठणठणीत! टेपचा एक वेढा नाही! असा सांधा कुणी करतं? मी चार वेढे दिले आणि असा आवळला म्हणता..."

"पोलिसांना हे का नाही सांगितलंत?"

"हीच म्हणाली, बोलू नका, उगाच लचांड मागे लागेल."

अधिकाऱ्याची जांभई अर्ध्यावरच राहिली. बाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"काका, पाण्याच्या नळाला आट्यांत टेप लागते. तिथे पाणी आट्यांतच अडतं. पेट्रोलच्या नळीला अडवतं ते पसरवलेलं तोंड. तुम्ही टेप गुंडाळली, नट आट्यांतच जाम झाला. हाताला घट्ट लागला, पण आत तोंड टेकलंच नव्हतं. पंप चालू झाला की तिथून पेट्रोल झिरपणार, गरम इंजिनवर."

"खोटं."

"नटावर दातांचे ओरखडे आहेत. मिस्त्रीकडे दातेरी पाना नाही. हा तुमच्या हातात आहे. आणि फिल्टरच्या आत टेपचा धागा मिळालाय. नट आवळताना तुटून आत गेला. मिस्त्रीचा सांधा कोरडा होता, हे आत्ता तुम्हीच सांगितलंत. वास येत होता तो सांडलेल्या पेट्रोलचा. ते त्याने धुवायला हवं होतं. पण आग लागली ती तुम्ही खोललेल्या सांध्यातून."

बाप पान्याकडे बघत राहिला. मग मुलीकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

मुलगी रडायला लागली. डोळे पुसायला हात नव्हते. "बुधवारी सकाळी खाली थेंब दिसले होते, बाबा. ओले. तुम्ही रात्रभर खूश होता, कसा आवळला ते सांगत होता. तुम्हाला वाईट वाटलं असतं. म्हटलं, एवढी फेरी करून येते, मग गुपचूप गॅरेजला नेते."

"आणि मिस्त्रीला आत बसवलंस?" बाईंचा आवाज चढला. "त्याच्या बायकोने काय करायचं होतं?"

"मला बाप एकच आहे," ती म्हणाली.

बाईंना राग आला होता, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना. अधिकाऱ्याने ठाण्यात फोन लावला आणि मिस्त्रीला सोडायची तयारी करायला सांगितलं. मग वही काढली. "काका, जबाब द्यावा लागेल. तुमच्यावर केस होईल."

"बाबा, सही करू नका!"

"लिहा साहेब," बाप म्हणाला. "आधी त्या माणसाला सोडा, मग माझं लिहा." पाना खाली ठेवून तो मुलीच्या उशाशी आला आणि आपल्या बाहीने तिचं तोंड पुसू लागला.

"थेंब पडतोय एवढंच म्हणायचं होतंस, पोरी. मी रागावलो असतो. कसा गळतो म्हणून आरडाओरडा केला असता. संध्याकाळपर्यंत गेलाही असता गं राग."