न्योकीवरची रेघ

आमच्या घरात दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला न्योकी होत असे आणि ती मीच करीत असे. उकडलेला बटाटा, मैदा, एक अंडे आणि चिमूटभर जायफळ मळून घ्यायचे. मग बोराएवढे गोळे काट्याच्या पाठीवरून अंगठ्याने दाबत घरंगळवायचे. महिनाअखेरीस घरात बटाटे आणि पीठ तेवढेच उरते, म्हणून त्या दिवशी व्हिया लुरो या आमच्या वस्तीतल्या घराघरांत हाच बेत असतो. ताटलीखाली एक नोट सरकवून जेवायला बसले की पुढचा महिना बरकतीचा जातो. ही चाल आमच्या पूर्वजांनी जेनोव्हाहून आणली की ती इथेच ब्वेनोस आयरेसमध्ये रुजली, यावर माझे यजमान जेवण निवेपर्यंत वाद घालीत. मी वादात पडत नसे. मी वाढीत असे. मोठे पात्र माझ्यापुढे येई आणि कोणाला किती, हे मी ठरवी.

माझ्या न्योकीवर एक खूण असे. लहानपणी टोमॅटोच्या डब्याचे झाकण माझ्या उजव्या अंगठ्यात रुतले होते. त्याचा व्रण अंगठ्याच्या पेरावर तिरपा राहिला आणि प्रत्येक न्योकीच्या खोलगट बाजूला तीच बारीक रेघ उमटू लागली. माझा मुलगा आल्दो लहान असताना ती रेघ जिभेने चाचपडायचा आणि सापडली की डोळे मिटायचा. त्याची पन्नाशी उलटली तरी ही सवय सुटली नव्हती. माझी सून मारिसेल त्याला हसत असे. तिची न्योकी गुळगुळीत असायची.

एप्रिलच्या एकोणतीसला दुपार टळली तरी कोणी आले नाही. शेवटी मीच फोन केला.

"अगं बाई, ममा, सांगायचंच राहिलं," मारिसेल म्हणाली. "आम्ही 'ला हिगेरा'त जेवलो. तिथं नवी स्वयंपाकीण आलीय. म्हटलं, तुम्हाला तरी किती दमवायचं?"

"मी दमले असं तुला कोणी सांगितलं?"

"आल्दोच म्हणाला. आणि काय न्योकी करते हो ती! आल्दोनं दुसऱ्यांदा मागून घेतली."

मी फोन ठेवला. माझ्या टेबलावर आल्दोला कधी मागावे लागले नव्हते. पांढऱ्या फडक्याखाली न्योकी सुकून तडकली होती. ती मी केराच्या पेटीत टाकली. त्यानंतर महिनाभर मी त्या बाईचा विचार केला. भाजीवाल्याकडे, चर्चमध्ये, केस धुताना, सतत एकच प्रश्न मनात होता: ही कोण?

मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेले. 'ला हिगेरा' आमच्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. मागच्या अंगणातल्या अंजिराच्या झाडावरून त्याला ते नाव पडले. छताला हॅम टांगलेले असतात, टेबलावर कागद अंथरलेला असतो आणि प्रत्येक टेबलावर सोड्याची निळी बाटली असते. जेवणाचा दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत एक बुटकी खिडकी आहे. त्या खिडकीतून ताटल्या बाहेर येतात. वाढपी रोहेलियो माझ्या लग्नाच्याही मेजवानीत वाढायला होता, त्यामुळे त्याने खुर्ची ओढून दिली ती टेबलाच्या टोकाची, मानाचीच.

"ही नवी बाई कुठली?" मी विचारले.

"कोण जाणे, बाईसाहेब. लाजरी आहे. बाहेर येत नाही."

"नाव काय तिचं?"

रोहेलियोने हातातला रुमाल खांद्यावर टाकला. "विचारायचं सुचलंच नाही कधी."

ताटली पुढ्यात आली. टोमॅटोचा सॉस बरा होता, थोडा गोडसर. मी एक न्योकी काट्यावर घेतली, तोंडात ठेवली आणि जिभेला ती रेघ लागली.

मी ती बाहेर काढून उजेडात धरली. तिरपी, बारीक, वरच्या टोकाला किंचित वळलेली. दुसरी उलटी केली. तिसरीवरही तेच. समोर आल्दो डोळे मिटून बसला होता.

"तू शिकवलंस तिला," मी मारिसेलला म्हणाले.

"मी? मला कुठं येतं ते?"

ते खरेच होते. सॉस चोरता येतो, पिठाचे प्रमाण चोरता येते. अंगठा कोणी कसा चोरणार?

"नोना," माझी नात फ्लोरा हसत म्हणाली, "आत एखादी बहीण दडवून ठेवलीयस की काय? सांग ना, कोणाला नाही सांगणार."

टेबलाभोवती सगळेच हसले. त्या हसण्यात आल्दोचा आवाज सर्वांत मोठा होता. त्याने पुन्हा ताटली भरून मागवली, मला न विचारता.

जूनमध्ये मी मुद्दाम खिडकीसमोर बसले. जून म्हणजे आमच्याकडे हिवाळा; थंडी होती आणि खिडकीतून वाफ बाहेर येत होती. त्या वाफेतून एक हात ताटली पुढे सरकवी आणि मागे जाई. तरुण हात होता, नितळ, नखे नीट कापलेली. फक्त उजवा अंगठा त्या हाताचा वाटत नव्हता. तो जाड होता, सुरकुतलेला होता. इतक्या सुंदर हातावर तो अंगठा पाहून मला दया यायला हवी होती. मला तो हात तोडून टाकावासा वाटला.

त्याच आठवड्यात फ्लोराच्या कोटाचे बटण लावताना सुई माझ्या अंगठ्यातून निसटली. नेहमी ती व्रणाच्या कडेला अडत असे. मी चष्मा लावून पाहिले. व्रण फिकट झाला होता. वय झाले, कातडी पातळ होते, असे मी स्वतःला समजावले. जुलैत पुन्हा त्याच टेबलाशी बसले. वाफेतला हात आता तरुण राहिला नव्हता. मनगटाजवळ डाग दिसत होते. माझ्या मनगटावर जिथे आहेत, तिथेच.

मी कोणाला काही बोलले नाही. एवढेच जाहीर केले की ऑगस्टची एकोणतीस माझ्या घरी होईल आणि येणार नाही त्याने पुन्हा कधीच येऊ नये.

सगळे आले. मी सकाळपासून बटाटे उकडून, सोलून, चाळणीतून काढले होते. पीठ उत्तम जमले होते, हाताला चिकटत नव्हते. पहिला गोळा काट्यावर ठेवला, अंगठ्याने दाबला, घरंगळवला. खाली पडला तो गुळगुळीत. मी जोर लावला. दुसराही तसाच. ओट्याजवळच्या खिडकीत जाऊन अंगठा पाहिला. त्यावर रेघ नव्हती. अंगठ्याचे ठसेही नव्हते. नव्या साबणासारखी सपाट, चमकदार कातडी होती.

मारिसेल दारात उभी होती. तिने परातीकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे.

"ममा, मी करू का थोडी? कोणाला कळणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी हळू आवाजात बोलली.

"बाहेर जाऊन बस," मी म्हणाले.

मी वाढले. आल्दोने पहिली न्योकी तोंडात घेतली. त्याचा गाल आतून हलत राहिला. तो शोधत होता. दुसरी, तिसरी. मग त्याने चावायला सुरुवात केली, परक्याच्या घरी चावतात तसे, शिष्टाचाराने.

"छान झालीय," तो म्हणाला. ताटलीत अर्धी उरली होती. "पण पुढच्या वेळी कोपऱ्यावरच जाऊ या का? तुझी दगदग वाचेल."

"माझ्या हातचं तुला नकोय?"

"तसं नाही गं, ममा." त्याने ओठ पुसले. "तुझ्या हातचं तिथं मिळतंच की."

मारिसेलने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

सप्टेंबरच्या एकोणतीसला आम्ही 'ला हिगेरा'त बसलो. रस्त्यावरच्या झाडांना नवी पाने फुटली होती आणि बाहेर मुले चेंडू खेळत होती. रोहेलियोने टोकाची खुर्ची ओढली, पण मी पोहोचण्याआधी तिच्या पाठीवर एक ॲप्रन टाकला.

"ही राहू द्या, बाईसाहेब. आतल्या बाई आज येऊन बसणार म्हणाल्यात."

मी मारिसेलशेजारी बसले. तिने आपली खुर्ची माझ्याकडे थोडी सरकवली. आल्दोने नोट घडी घालून ताटलीखाली ठेवली. मग तो फ्लोराला फोनवर काहीतरी दाखवू लागला आणि त्याच्यापुढची न्योकी निवत होती. लहानपणापासून त्याची ही खोड. त्याला काय म्हणायचे ते माझ्या ओठांवर आले होते.

भिंतीतली खिडकी सरकली.

"आल्दो, निवायला लागलंय. फोन ठेव आणि जेव."

आवाज थोडा खरखरीत होता. शेवटचा शब्द तोडून टाकणारा.

मी तोंड उघडले नव्हते.

मारिसेलने माझ्या ओठांकडे पाहिले. मग खिडकीकडे. टेबलाखाली तिने माझा हात धरला, तिचे बोट माझ्या अंगठ्यावरून फिरले आणि तिने हात सोडून दिला.

आल्दोने काटा उचलला.

"हो, ममा," तो म्हणाला. माझ्याकडे न पाहता, खिडकीकडे पाहून. मग त्याने एक न्योकी तोंडात ठेवली आणि डोळे मिटले.