नाइलाजाचा बचाव

कोर्टात वाटाड्या येऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत नाइलाजाचा बचाव मांडून एकही माणूस सुटला नव्हता.

बचाव तसा सोपा आहे. मोठं संकट टाळायला लहान अपराध केला आणि दुसरा मार्गच नव्हता, तर कायदा माफ करतो. आग पसरू नये म्हणून शेजाऱ्याचं छप्पर पाडणारा गुन्हेगार नव्हे. दुसरा मार्ग होता की नव्हता, हे पूर्वी न्यायाधीश अदमासानं ठरवत. त्यांनाही आपल्यासारखंच थोडं दिसे, त्यामुळे माणसं सुटत. आता ते पर्यायगणक नावाचं यंत्र ठरवी. लोक त्याला वाटाड्या म्हणत. जागेची माती, पाणी, वारा, माणसांजवळच्या फोनांनी टिपलेली पावलं नि आवाज, सगळं गोळा करून तो ती वेळ पुन्हा उभी करी, आणि आरोपीनं वेगळं काही केलं असतं तर काय झालं असतं, हे लाखो वेळा चालवून बघे.

अनसूया दरंदले पाटकरी होती. कालव्याचं पाणी राखायचं, वेळेवर सोडायचं, हे तिचं काम. वय अठ्ठावन्न. त्या दुपारी वरच्या अंगाला ढगफुटी झाली, कालवा काठोकाठ आला आणि भरावातून गढूळ पाणी झिरपायला लागलं. भराव फुटता तर खालची एक्केचाळीस माणसांची वस्ती जाती. तिनं सांडव्याचं दार उघडून पाणी ओढ्यात सोडलं. ओढ्यात तिचा नवरा होता, पाण्याची मोटार काढून आणायला उतरलेला. तिला तो दिसत होता, पाठमोरा. तिनं थाळी वाजवली, हाका मारल्या, नियमाप्रमाणे शंभर आकडे मोजले आणि दाराचं चाक फिरवलं. वस्ती वाचली. तो वाहून गेला. सरकारनं तिच्यावर मनुष्यवधाचा खटला भरला.

निकालाआधी ‘समजुतीचा तास’ असे. त्यात वाटाड्याचा अहवाल शास्त्रज्ञानं आरोपीला कळेल अशा भाषेत सांगायचा. डॉ. हेमांगी राजोपाध्ये यांनी असे दोनशे तास घेतले होते. एकाही तासाला कुणाची समजूत पटली नव्हती.

कोर्टामागच्या खोलीत त्यांनी आधी बरी बातमी सांगितली: भराव नऊ मिनिटांत फुटलाच असता. अनसूयानं मान डोलावली. झिरपणारं पाणी निवळ असलं तर घोर नाही, गढूळ आलं की आतली माती चालली, हे तिला यंत्राशिवाय ठाऊक होतं. मग डॉक्टरांनी एकेक वाट मिटवत नेली. आणखी थांबली असती तर पाणी उतरायला वेळ पुरला नसता आणि वस्ती गेली असती. दार अर्धंच उघडलं असतं तर वस्तीही गेली असती आणि तोही. स्वतः खाली धावली असती तर ती दोघं आणि वस्ती.

“एक वाट राहते,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही हाक काय मारलीत?”

“काय म्हंजे? ‘अवो, वर या.’ चार-पाच डाव.”

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. पाण्याच्या गडगडाटात मेंदू बाकीचे शब्द गाळून टाकतो, पण स्वतःचं नाव सहसा गाळत नाही. जत्रेच्या गोंगाटात कुणी आपलं नाव घेतलं की मान वळते, तसंच. “नावानं हाक मारली असती तर ते वळले असते. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा. आणि वर यायला तुमचे शंभर आकडे पुरले असते.”

अनसूया पदराचं टोक चोळत बोलू लागली. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, तिनं सांगितलं. नाव घेतलं ते उखाण्यात, तेवढंच. दवाखान्याच्या कागदावर घालायचं तरी धाकटी जाऊ सांगायची, आणि आपण नुसतं हसायचं.

“घेऊ नाय म्हनून घेतलं नाय, असं नव्हं, बाई. तोंडातच नव्हतं ते.”

“वाटाड्या ते बघत नाही. मार्ग होता का, एवढंच बघतो.”

“मग तुमच्या वाटंवर जी बाई नाव घेऊन वरडती, ती कोन?”

“तुम्हीच.”

“मी नव्हं ती.”

डॉक्टरांनी कागदावर ‘समजूत दिली’ असं लिहिलं. त्यांना एक गोष्ट केव्हाच कळली होती, पण ती लिहायला कागदावर रकाना नव्हता. लाखो वाटा शोधल्या की एक बरी सापडतेच. यंत्राला इतकं दिसायला लागल्यापासून जगात कुणाचाच नाइलाज उरला नव्हता.

न्यायाधीश भले गृहस्थ होते. सात वर्षं सुनावताना त्यांनी चष्मा काढून ठेवला. वाट सापडल्यावर दया करायची मुभा आपल्यालाही नाही, एवढं म्हणाले.

पुढच्या पावसाळ्याआधी पाटबंधारे खात्यानं आपल्या माणसांवर पुन्हा असा खटला येऊ नये या काळजीपोटी सगळ्या सांडव्यांच्या दारांची चाकं काढून नेली. ती हवीच असतील तर तालुक्याला अर्ज करायचा होता. श्रावणात तोच भराव पुन्हा झिरपला. नवा पाटकरी नियमाप्रमाणे फोन करत उभा राहिला. छत्तीस माणसं गेली. खटला झाला नाही, कारण कुणी काही केलंच नव्हतं.

हे सांगायला डॉक्टर तुरुंगात गेल्या. तसा कायद्यात काही तास नव्हता. अनसूयानं वस्तीतल्या एकेकाचं नाव घेऊन, तो गेला की राहिला, ते विचारलं. पोरासोरांची नावंसुद्धा तिला पाठ होती. सगळी विचारून झाल्यावर म्हणाली, “यंत्राला इचारलं का, वाचली असती का?”

“विचारलं. अकराशे वाटा निघाल्या.”

“अकराशे.”

“त्यातल्या प्रत्येकीत कुणीतरी अर्जाविना चाक आणून दार उघडतं.”

“आन् मंग?”

“मग यंत्राला त्याचीही एखादी बरी वाट सापडते, आणि तेही इथं येतं. तुमच्या शेजारी.”

अनसूया भिंतीकडे सरकली आणि सतरंजीवर आणखी एका माणसापुरती जागा केली.