आतल्या खोलीतला श्वास

तिचं शिवणयंत्र बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी होतं. लोकांचे पडदे शिवणं हा तिचा धंदा. बोलायला तिखट, पण कामात एक टाका वाकडा जायचा नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एकदा लिफ्टच्या खड्ड्यात पडला, मणक्याचं ऑपरेशन झालं आणि दुखणं थांबायला डॉक्टरांनी जालीम गोळ्या लिहून दिल्या. मणका जुळला, गोळ्या मात्र मानगुटीवर बसल्या. दुखत नसलं तरी लागायच्या. मिळाल्या नाहीत की नाक गळायचं, अंगावर काटा यायचा, घरभर येरझाऱ्या. घेतल्या की पलंगावर पडून राहायचा, घशात घरघर, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हाक मारली तर भलताच कोणीतरी बघतोय असं वाटायचं.

"वहिनी, आज पाहुणे आलेत वाटतं," नणंद एकदा म्हणाली आणि दोघी खो खो हसल्या. गोळी घेऊन पडलेल्या नवऱ्याला तेच नाव पडलं, पाहुणा. हसण्यावारी नेलं नसतं तर जगायचं तरी कसं?

व्यसनमुक्ती केंद्रात ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "डॉक्टर, त्या पाहुण्याला हाकला. मेला तरी चालेल. माझा माणूस मला परत द्या."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "पाहुणा वगैरे कोणी नसतं हो. माणूस एकच आहे, त्याला आजार जडलाय. आजारालाच शिव्या देत बसलात तर त्या त्याला लागतील."

मग रोज सकाळी केंद्रातली सिस्टर त्याच्या जिभेखाली उपचाराची गोळी ठेवायची. विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवायची आणि शेवटी तोंड उघडून दाखवायला लावायची. सिस्टरने तिच्याकडे घरी ठेवायला गोळ्यांचा अंमल उतरवणारा एक फवारा दिला होता. श्वास अडकला, ओठ निळे पडले, तर आधी फोन करायचा आणि मग तो नाकपुडीत दाबायचा. एकदाच उडणारा.

नवरा खरंच सुधारला. अंगाने काडी झाला होता, पण भांडी घासताना शीळ घालायला लागला. तिला आनंद मावेना. फक्त तो आतल्या खोलीत झोपायला जाईना, बाहेर सतरंजी टाकायचा.

"पलंग काय चावतो का तुम्हाला?"

"जागा नाही," तो म्हणाला आणि भांडी घासत राहिला.

एकदा तो केंद्रात गेलेला असताना ती चादर बदलायला आत गेली. त्याच्या बाजूची गादी दबलेली होती. हात ठेवला तर गरम. ऊन येत असेल म्हणावं, तर त्या खोलीला खिडकी नव्हती.

मग एका दुपारी यंत्र थांबवून ती दोरा ओवत होती, तेव्हा आतून घरघर ऐकू आली. तीच, ओळखीची. तिने डोकावून पाहिलं. पलंग रिकामा होता.

"मशीन डोक्यात बसलंय तुमच्या," नणंद फोनवर म्हणाली. तिलाही तेच पटवून घ्यायचं होतं. पण रोज यंत्र थांबलं की आत श्वास चालू असायचा, आणि तो मंदावत चालला होता.

एका दुपारी तो थांबला.

नवरा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. ती सुई हातात धरून बसून राहिली. 'सुटले,' तिच्या मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटायच्या आत तिला हसू फुटलं.

स्वयंपाकघरात ताट पडलं.

तो फरशीवर आडवा होता. ओठ निळे. छाती हलत नव्हती. तिने अॅम्ब्युलन्सला फोन लावला, फवारा काढला, त्याच्या नाकाशी नेला, आणि पापणी वर करून पाहिली.

बाहुल्या मोठ्या होत्या. स्वच्छ. ह्याने काहीच घेतलं नव्हतं.

घेतलं होतं ते आतल्याने.

फवारा एकच होता.

ती आत धावली.

गादी दबलेली होती. उशीला खळगा होता. नाक कुठे असेल याचा अंदाज घेऊन तिने हवेत फवारा दाबला.

"उठा," ती म्हणाली. "अहो, उठा ना! तुम्हीसुद्धा उठा!"

पलंग करकरला. कोणीतरी खोल श्वास ओढला.

आणि स्वयंपाकघरात नवरा खोकला.

अॅम्ब्युलन्सचे दोघेजण आले. एकाने त्याला तपासलं. "वेळेवर मारलात बाई फवारा. नाक अजून ओलं आहे बघा."

तिने आत जाऊन उशीवरून हात फिरवला. कोरडी ठणठणीत.

बाहेर दोघांनी स्ट्रेचर उचलायला घेतलं. ते जमिनीवरून हलेना. पुन्हा जोर लावला. एकाच्या कपाळावर घाम आला. त्याने स्ट्रेचरवरच्या काडीसारख्या माणसाकडे पाहिलं, मग जोडीदाराकडे, आणि खाली ड्रायव्हरला हाक मारली.

तिघांनाही ते जड जात होतं. पुढे होऊन तिने चौथा कोपरा धरला.