शुक्रवारचा घास

बुधवारी तबकडीतल्या पेशींवर तांब्याचं नवं संयुग सोडायचं आणि शनिवारी किती मेल्या ते बघायचं, हा राउशानचा शिरस्ता. प्रयोगशाळा अल्माटीतली, आणि पेशी तिच्या धाकट्या बहिणीच्या, काम्शातच्या. स्तनाच्या कर्करोगानं गेली बिचारी. जाण्याआधी गाठीचा तुकडा स्वतःहून देऊन म्हणाली होती, "ताई, मला नाही वाचवता आलं ना? मग ह्याला तरी मार."

पण मरतील तर शपथ! गुरुवारी पेशी माना टाकायच्या आणि शनिवारी पुन्हा टवटवीत. शिवाय पेशींचा इन्क्युबेटर उघडला की तळणीचा वास यायचा. घरी आई दर शुक्रवारी गेलेल्या लेकीच्या नावानं सात शेल्पेक तळायची. गरम तेलाचा वास मेलेल्यांना पोचतो, म्हणून त्या पोळ्या. मध्यंतरी आई लग्नाला ताराझला गेली, आणि नेमक्या त्याच शुक्रवारी पेशी सुकल्या. राउशान स्वतःलाच हसली. मग तिचं हसू आटलं.

"महिनाअखेर काही दिसलं नाही, तर हे काम बंद," तिचे साहेब, ओराझबेक आगाय, म्हणाले.

त्या संध्याकाळी ती आईला म्हणाली, "या शुक्रवारी तळू नकोस."

"का? पोरीला उपाशी ठेवू?"

"एकच शुक्रवार, आई."

"शिकून शहाणी झालीस, पण काळीज कुठं गहाण टाकलंस गं?" आईनं कढई आपटली. पण तळलं नाही.

शनिवारी सगळ्या पेशी मेलेल्या. आगाय टाळ्याच पिटायला लागले.

"थांबा," राउशान म्हणाली. "ज्यांना औषधाचा थेंबही दिला नव्हता, त्याही मेल्यात."

"काहीतरी दूषित झालं असेल."

"नाही. उपासानं मेल्यात."

राउशानला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त संताप आला. उपाशी शत्रूला मारण्यात कसली मर्दुमकी? तिनं त्या पेशींची गोठवलेली शेवटची कुपी काढली आणि घरी फोन लावला.

"आई, या वेळी तळ. कणकेत लोणी सढळ हातानं घाल. खाऊनपिऊन उभा राहू दे तो रोग, मग बघते त्याच्याकडे!"

शुक्रवारी प्रयोगशाळा तळणीच्या वासानं भरून गेली. राउशान जागची हलली नाही.

शनिवारी तिनं भिंगाला डोळा लावला.

तबकडीतले औषध न दिलेले खळगे पेशींनी गच्च.

औषध दिलेले रिकामे. एकही पेशी जिवंत नाही.

"बसवला मुडदा त्याचा!" ती ओरडली. रडलीही. लगेच घरी फोन केला. "आई, मारलं त्याला!"



"सहा शेल्पेक शेजारी वाटले," आई म्हणाली. "सातवा तिच्या नावानं ठेवला होता. सकाळी बघते तर अर्धा खाल्लेला."

"उंदीर असेल."

"माणसाचे दात आहेत, राउशान. कडा निळ्या-हिरव्या पडल्यात, कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यासारख्या."

"आणि उरलेला अर्धा?"

"तो तिनं तुझ्या ताटलीत काढून ठेवलाय."