देवींना बोलावणे एकदाच

कनकने संबळाचा आवाज कमी केला आणि सोपानकाकांचे गाणे ऐकू येईनासे झाले. संबळ मात्र आधीसारखेच दणदणत राहिले. असे का झाले?

चंद्रावरच्या वस्तीतले सभागृह लांबट, बोगद्यासारखे होते. मंचाच्या कोपऱ्यात मिक्सर (अनेक माइकचे आवाज हव्या त्या प्रमाणात एकत्र करून स्पीकरकडे पाठवणारे यंत्र) ठेवला होता. मंचाजवळ जो आवाज नेमका वाटतो, तो शेवटच्या रांगेत कानठळ्या बसवू शकतो. म्हणून बारा वर्षांची कनक टॅबलेट घेऊन मागे उभी होती. पडद्यावर प्रत्येक माइकची एक सरकपट्टी होती. पट्टी खाली ओढली की बिनतारी संदेश मिक्सरकडे जाई आणि त्या माइकचा आवाज उतरे.

सोपानकाका रेणके वस्तीच्या पाणी विभागात नळजोडणी पाहत. घराणे गोंधळ्यांचे. धाराशिवजवळ, त्यांच्या गावी, पुतणीचे लग्न होते. लग्नानंतरच्या गोंधळात देवींना नावानिशी बोलावण्याचा मान काकांचा होता. त्यांना जाणे शक्य नव्हते, म्हणून ध्वनिमुद्रण जाणार होते.

"एकदाच म्हणणार बरं का," त्यांनी आधीच बजावले होते.

"आणि काही चुकलं तर, काका?"

"आमच्या घरात आवतण एकदाच. पाहुणी दारात आल्यावर पुन्हा 'या या' करत बसलं तर ती काय म्हणंल?"

गोंधळ सुरू होण्याआधी वायरींचा गुंता झाला होता. संबळ वाजवणाऱ्या एकनाथने दोन वायरी उपसल्या, सोडवल्या आणि मिक्सरमध्ये पुन्हा खोचल्या. मात्र उलट. त्यामुळे पडद्यावर 'संबळ' लिहिलेल्या पहिल्या पट्टीत आता काकांचा गळा होता. कनकने तीच पट्टी तळाला ओढली आणि त्याच क्षणी टॅबलेटचा संपर्क तुटला. गर्दीतून वाट काढत ती मिक्सरपाशी पोचली, तोवर बोलावणे संपले होते.

तिने सगळे सांगितले. पट्टी शून्यावर, म्हणजे मुद्रणातही गळा नाही, असेच तिला वाटत होते. काका पायरीवर बसले.

"कितव्या देवीपर्यंत ऐकू आलो मी?"

"दुसऱ्या."

"म्हंजे बाकीच्यांना निमंत्रणच नाही."

एकनाथ म्हणाला, "काका, पुन्हा म्हणा की. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय की!"

कनक मिक्सरशेजारच्या टिप्याकडे वळली. टिप्या हा ध्वनिमुद्रण सांभाळणारा यंत्रमानव. विचारल्याशिवाय तो काही सांगत नसे.

"टिप्या, संपर्क तुटल्यावर सगळंच बंद का नाही पडलं?"

"टॅबलेटमधून आवाज जातच नाही. फक्त हुकूम जातात. शेवटचा हुकूम होता, 'पहिली पट्टी शून्यावर.' मिक्सरने तो पाळला. पुढचा आला नाही."

"मग काकांचा आवाज कुठे गेला?"

"स्पीकरकडे गेला नाही. पहिल्या मार्गिकेत गेला."

मार्गिका म्हणजे एकाच माइकच्या ध्वनिमुद्रणासाठी राखलेली स्वतंत्र जागा. तीन माइक होते, म्हणून तीन मार्गिका वापरात होत्या: संबळ, गळा, तुणतुणे.

"पण पट्टी तर शून्यावर होती!"

"पट्टी नंतर येते."

कनकला उलगडेना. काकांनी मात्र मान वर केली.

"थांब पोरी. नळ बंद केला तर बादलीत पाणी येईल?"

"नाही."

"आन् नळाच्या आधीच पाइपाला फाटा काढून टाकीला जोडला असंल तर?"

"टाकी भरत राहील..." कनक थबकली. "पट्टी म्हणजे नळ! माइककडून आलेल्या आवाजाला आधीच दोन वाटा फुटतात. एक मुद्रणात जाते, दुसरी पट्टीतून स्पीकरकडे. मी दुसरीच बंद केली!"

"बरोबर," टिप्या म्हणाला. "या मिक्सरची जोडणी तशी केली आहे. दुसरीही करता येते."

"हे मघाशीच का नाही बोललास रे, डबड्या?" एकनाथ ओरडला.

"मघाशी विचारलं नव्हतं."

कनकने पहिली मार्गिका एकटीच लावली. माइक काकांच्या ओठांजवळ होता, त्यामुळे संबळ दूरचे, पुसट ऐकू येत होते. गळा स्वच्छ होता. काका बोटांवर नावे मोजत गेले. शेवटचे बोट मिटले तेव्हा त्यांनी लांब श्वास सोडला.

"सगळ्या आल्या."

मग कनकला सुचले. तिघांचा आवाज एकत्र करून पाठवण्याऐवजी तिने फक्त गळ्याची मार्गिका पाठवली. सोबत दोन ओळी लिहिल्या: संबळ तुमचे तुम्ही वाजवा. जे वाजवाल ते वेगळ्या मार्गिकेत परत पाठवा.

चौथ्या दिवशी उत्तर आले. काकांच्या आवाजाखाली त्यांच्या थोरल्या भावाचे संबळ नेमके तालात वाजत होते. आणखी एक मार्गिका होती, तिच्यावर नाव नव्हते. कनकने तिची पट्टी सावकाश वर सरकवली. नवरी मुलगी काकांच्या मागोमाग एकेक नाव घेत होती.

"ही कधी शिकली?" काका पुटपुटले.

मिक्सरमध्ये एकूण सोळा मार्गिका होत्या. कनकने एक रिकामी निवडली आणि माइक काकांसमोर धरला.

"तिला काय सांगायचंय, काका? बोला. हे कितीही वेळा चालेल."